मावशींनी नापास केलेले दवाखाने

आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आजवर माझ्या हातून अर्ज, तक्रारी आणि दोन लग्नपत्रिकांचा मजकूर एवढंच लिहून झालंय. एका माणसावर लिहायचं, तेही बाईमाणसावर, तेही तिच्या आजारावर, हा माझा अधिकार नाही, हे मला कळतं. चुकलं तर सांभाळून घ्या. पण वही उघडली की मावशी समोर उभ्या राहतात, हाताची चार बोटं पुढं ढकलल्यासारखी हलवतात आणि म्हणतात, "आधी चालवून दाखवा."

हे वाक्य जनावरांच्या बाजारातलं. मावशींचे वडील बैलांचे दलाल होते. बैल कितीही देखणा असो, तो चालवून बघायचा. उभ्या बैलाचं लंगडणं दिसत नाही. मावशी लहानपणी वडिलांबरोबर बाजार हिंडल्या आणि पुढं जन्मभर त्यांनी सगळंच चालवून बघितलं. पंखा, शिलाई मशीन, चपला. आमच्या आळीत एका मुलीला बघायला पाहुणे आले होते. कांदेपोहे झाले. मुलीला कुणी काही विचारायच्या आत मावशी नवऱ्या मुलाला म्हणाल्या, "तुमी जरा दारापतूर जाऊन या बरं." तो बिचारा गेला आणि आला. लग्न जमलं.

अशी बाई तुम्हीही कुठंतरी पाहिली असेल. फक्त तुमची कुवेतला नसेल.

मावशींचे यजमान वारले, मूलबाळ नव्हतं. सोलापूरकडच्या आमच्या वाशी गावातल्या घराला कुलूप लावून, किल्ली शेजारी आमच्या आईकडे देऊन त्या कुवेतला एका भारतीय कुटुंबात स्वयंपाकाला गेल्या. दर शुक्रवारी त्यांचा व्हिडिओ कॉल यायचा. मी फोन घेऊन त्यांच्या बंद घराभोवती फेरी मारायची आणि त्यांनी तिकडून पाहणी करायची. "कारकून, ते पत्र्यावर काय वाळत घातलंय? कुणाच्या मिरच्या?" आळीचे सगळे अर्ज मी लिहायचो, म्हणून मी कारकून.

एका शुक्रवारी त्यांनी घर बघितलंच नाही. गॅस संपलाय असं सांगावं तशा म्हणाल्या, "कारकून, एक काम हाय. डाव्या बाजूला स्तनात गाठ निघालीय. सुई टोचून तपासली. कॅन्सर म्हनत्यात."

आई उंबऱ्यावर बसली. मी विचारलं, "मग तिथं इलाज?"

"हितं लई म्हाग. माझ्या इम्यात बसत न्हाय. म्याडम निम्मं देते म्हनल्या, पर निम्मंबी म्हंजी आपली आख्खी आळी इकावी लागंल. तिकडं बग. सोस्त पायजे, पर फालतू नको. डाक्टर म्हनलाय, महिन्याच्या आत सुरू करा."

मी फोन लावायला बसलो. तुम्हाला सांगायला लाज वाटते, पण पहिल्या तीन दवाखान्यांना मला तो शब्दच उच्चारता आला नाही. मी "बायकांचं… वरच्या बाजूचं…" असं काहीतरी म्हणायचो आणि पलीकडची मुलगी विचारायची, "वरच्या बाजूचं म्हणजे केस का?" हे मावशींना कळलं तेव्हा त्या पोट धरून हसल्या. "आरं, आजार मला झालाय आन लाजूलालास तू! म्हन, दहा डाव म्हन." मी गच्चीवर जाऊन दहा वेळा म्हटलं. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या काकू खाली निघून गेल्या.

मग दवाखाने बघणं सुरू झालं. मी एसटीनं जायचो, तिथं पोचलो की कॉल लावायचो, आणि मावशी कुवेतच्या ओट्याजवळून हुकूम सोडायच्या. "फिरव. खाली दाखव. संडास दाखव. त्या नर्सबाईची नखं दाखव." पुण्यातलं एक मोठं हॉस्पिटल नापास झालं, कारण फरशी फार गुळगुळीत. "हितं बाई कॅन्सरनं न्हाय, घसरून मरंल." सोलापूरचं एक नापास झालं, कारण डॉक्टर जांभई देताना दिसले. मी म्हटलं, "मावशी, सकाळपासून ऑपरेशनं केलीत त्यांनी." त्या म्हणाल्या, "मग झोपू दे त्येला. माझं कशाला करतोय?"

तीन आठवडे असे गेले. रात्रंदिवस मला डॉक्टरांचा तो महिना दिसायचा.

मग एका ट्रस्टच्या दवाखान्याचा पत्ता लागला, आमच्याकडून दीड तासावरचा. तिथल्या समाजसेविका ताईंनी मला पाणी दिलं आणि कागद पुढं ओढून नीट समजावलं. आधी ऑपरेशन, मग केमो, पुढं पाच वर्षं गोळ्या. मावशींचं नाव गावच्या रेशनकार्डावर अजून असेल, तर बराचसा खर्च सरकारी योजनेत बसेल. मी आईला फोन केला. आईनं मावशींचं घर उघडलं आणि तासाभरात रेशनकार्ड सापडलं, पिठाच्या डब्याच्या तळाशी, पिठानं पांढरंशुभ्र झालेलं.

वरचा खर्च किती, हे ताई मावशींना कॉलवर सांगायला लागल्या आणि एकदम स्क्रीन काळी झाली. मला वाटलं, रेंज गेली. ताई म्हणाल्या, "मावशी, तुम्ही दिसत नाही."

"दिसायचंच न्हाय. पदर टाकलाय. बोला आता."

बैलबाजारात भाव कधी उघड्यावर बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि आतल्या आत बोटं दाबून आकडा सांगायचा, ही रीत. मावशींनी फोनवर पदर टाकला होता. बोटं दाबायचा हात समुद्रापलीकडे, म्हणून त्या अंधारातून कुजबुजल्या, "जरा कमी करा की." ताईंनीही न हसता फोनला तोंड लावून कुजबुजून सांगितलं, "मावशी, हा भाव नाही, नियम आहे. पण तुमच्या राहण्याची सोय धर्मशाळेत करते." पदर निघाला. मावशी खुशीत होत्या.

"ठीक हाय," त्या म्हणाल्या. "आता चालवून दाखवा."

"काय?"

"हितं बऱ्या झालेल्या बाया. चालवून दाखवा."

मी मान खाली घातली. पण ताई उठल्या आणि मला वॉर्डात घेऊन गेल्या. त्यांनी काय सांगितलं कुणास ठाऊक, खाटांवरच्या बायका एकेक करून उतरल्या. कुणी तपासणीला आलेली, कुणाचं केमो चालू. एक आजी काठी टेकत खिडकीपर्यंत गेल्या आणि परत आल्या. एक बाई सलाईनचा स्टँड ढकलत अशी चालली, जणू वरातीतला घोडा धरलाय. सगळ्यात शेवटी डोक्याला हिरवा रुमाल बांधलेली एक बाई कमरेवर हात ठेवून गेली, वळली आणि आली. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी फोन धरून उभा. माझं आयुष्यातलं हे पहिलंच शूटिंग.

मावशी म्हणाल्या, "चालत्यात चांगल्या. पर त्या टेबलावरचा च्या लई पांचट दिसतोय."

तेव्हा कुठं माझ्या मंद डोक्यात उजेड पडला. नखं, फरशी, जांभई, चहा. मावशी दवाखाने पारखत नव्हत्या.

हिरव्या रुमालवालीला ते माझ्या आधी कळलं असावं. तिनं माझ्या हातातून फोन घेतला. "मावशे, म्याबी चार दवाखाने नापास केले. तवर माझी लिंबाएवढी गाठ मोसंबीएवढी झाली. आता तुमी चालून दाखवा."

"म्या? म्या कशाला?"

"बगू द्या की, भ्या कंच्या पायात हाय."

मावशींनी फोन डाळीच्या डब्याला टेकवला. फ्रीजपासून बेसिनपर्यंत गेल्या. परत आल्या. पुन्हा गेल्या, आणि दिसेनाशा झाल्या. त्या खाली बसल्या होत्या. पडद्यावर नुसता कुवेतचा फ्रीज. फ्रीजच्या खालून आवाज आला, "लई भ्या वाटतंय गं."

"वाटू द्या," ती म्हणाली. "तसंच या. हितं समद्यांलाच वाटतंय."

पाचव्या दिवशी मावशी हैदराबादला विमानातून उतरल्या. हातात खजुराचे आठ डबे, प्रत्येक डॉक्टरला एक आणि हिरव्या रुमालवालीला दोन.

ऑपरेशनच्या दिवशीचं सांगायचं नव्हतं, पण त्या स्वतः सगळीकडे सांगून बसल्यात. नातेवाईक म्हणून मला आत बोलावून डॉक्टरांनी काढलेला भाग ट्रेमध्ये दाखवला. पुढचं मला आठवत नाही. मावशी शुद्धीवर आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "कारकून कुठाय?" सिस्टर म्हणाल्या, "शेजारच्या खाटेवर. डोक्याला दोन टाके पडलेत." नंतर डॉक्टरांनी गाठीचं माप सांगितलं, तर मावशी म्हणाल्या, "एवढुशी? हिच्यापायी म्या इमानानं आले?"

केमोत केस गेले, तोंडाची चव गेली. दोन वेळा ताप इतका चढला की आई रात्रभर धर्मशाळेत जागी होती. मावशी त्यातही वॉर्डाच्या स्वयंपाकघरात जाऊन चहा कसा करायचा हे शिकवून आल्या. पुढं केस बोटभर आले, मॅडमनी नवा व्हिसा काढला आणि मावशी गोळ्यांची पिशवी घेऊन परत गेल्या. "हितं बसून काय करू? आळी राखू?" वर्षानं मोठी तपासणी करायची, ती तिथंच होणार होती. ती नीट निघाली तरच डॉक्टर निश्चिंत होणार होते.

वर्ष झालं. मग शुक्रवारचे कॉल थांबले. एक शुक्रवार, दुसरा, तिसरा. मी फोन लावला की बंद. आई विचारायची नाही, नुसती माझ्याकडे बघायची. मॅडमचा नंबर माझ्याकडे नव्हता. मी एवढे अर्ज लिहितो, पण तो नंबर लिहून घेतला नव्हता.

परवा मी परीक्षेचा फॉर्म भरायला कॉलेजच्या रांगेत उभा होतो. पुढं दोनच जण राहिले होते. फोन वाजला. अनोळखी नंबरवरून मावशींचा अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज.

पहिली चार मिनिटं त्यांचा फोन वरणात कसा पडला, यावर होती. पुढं तिथली भेंडी, मॅडमच्या मुलीचं पास्ता खाणं, नव्या फोनला बटणं का नाहीत. मी एकदा थांबवून पुढं ढकलायला गेलो, पण बोट धजलं नाही. दहाव्या मिनिटाला त्या म्हणाल्या, "आन व्हय, ती तपासनी झाली. डाक्टर म्हनला काय न्हाय. साफ हाय. पुढच्या वर्षी या म्हनला. आईला सांग. चल ठिवते, भाकर करपली."

खिडकीतले कारकून ओरडले, "ओ, पुढं सरका की!"

मी रांगेतून बाहेर पडलो. आईला फोन लावला. "दहाव्या मिनिटापासून ऐक," एवढंच सांगून मी तिला तो मेसेजच पाठवला. मग सगळ्यात मागं जाऊन उभा राहिलो आणि वरणापासून पुन्हा ऐकायला लागलो.