ताईंची पिकअप आणि गरम चाक

नर्सरीवाल्या ताई गाडी शिकल्या त्या पंचेचाळिसाव्या वर्षी, आणि तेही हौसेने नाही. नवऱ्याची पाठ धरली, डॉक्टरांनी त्याला स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून बजावलं, आणि झाडांच्या कुंड्या घरपोच करायचं काम ताईंच्या गळ्यात पडलं. पहिल्याच महिन्यात त्यांनी नर्सरीचं फाटक दोनदा पाडलं. पुढच्या सात वर्षांत मात्र गाडीला साधा ओरखडा उमटू दिला नाही.

आता गाडीच थकली होती. टेकडीवरच्या वसाहतीचा चढ आला की ती मेटाकुटीला यायची. एकदा तर वसाहतीतले निवृत्त मास्तर सायकलवरून शेजारून पुढे गेले, आणि जाता जाता ताईंच्या तब्येतीची चौकशीही करून गेले. डिझेल मात्र पिकअप पाण्यासारखं प्यायची. धाकटे दीर म्हणाले, विकून टाका, नवी घ्या. पण नवी झेपणारी नव्हती, आणि जुनीवर ताईंचा जीव होता.

ताई गॅरेजवाल्या मिस्त्रींकडे गेल्या. इंजिन खोलावं लागेल का, असं त्यांनी धास्तावून विचारलं. मिस्त्रींनी बॉनेटकडे पाहिलंसुद्धा नाही, ते मागच्या हौद्यात डोकावले. तिथे गाडी उसळू नये म्हणून कधीकाळी टाकलेली वाळूची पोती होती आणि ताडपत्रीसाठी नवऱ्याने स्वतः जोडलेला लोखंडी सांगाडा होता.

"आधी हे ओझं उतरवा," मिस्त्री म्हणाले, "मग इंजिनाला नावं ठेवा."

पोती उतरवणं सोपं होतं. सांगाड्याचा विषय ताईंनी चहाच्या वेळी आडवळणाने काढला. नवऱ्याने कप बशीत ठेवला.

"अगं, मला तो दुसऱ्याच वर्षी जड वाटला होता. पण एवढा मिरवल्यावर काढा म्हणणार कोणत्या तोंडाने?"

दोघंही कपबशी हिंदकळेपर्यंत हसली.

सांगाडा निघाला. हवेचा फिल्टर काळाकुट्ट होऊन चोंदला होता, तो बदलला. चारही टायरमध्ये हवा कमी होती, ती भरली. गाडीला हुशारी आली, तरी चढावर कुणीतरी मागून पदर धरून ओढतंय असं ताईंना वाटतच राहिलं. हे ऐकल्यावर मिस्त्री पहिल्यांदा चमकले. थोडं अंतर जा, ब्रेक शक्यतो दाबू नका आणि थांबल्यावर चाकांजवळ हात नेऊन बघा, असं त्यांनी सांगितलं. ताईंनी तसं केलं. तीन चाकं कोमट होती. मागच्या डाव्या चाकाजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला.

मिस्त्रींनी ते चाक जॅकवर उचललं. हाताने फिरवलं तर फिरेना. आतली स्प्रिंग दमली होती, त्यामुळे ब्रेक पुरता सुटतच नव्हता. म्हणजे कित्येक महिने ताई ब्रेक लावूनच टेकडी चढत होत्या. स्प्रिंग किरकोळ किमतीची निघाली. ब्रेकची घासलेली पट्टी बदलून मिस्त्रींनी सगळं साफ केलं. या वेळी चाक एका बोटाने गरगरलं.

ताईंनी टाकी काठोकाठ भरली, आठवडाभर नेहमीच्या फेऱ्या केल्या आणि पुन्हा काठोकाठ भरून हिशेब मांडला. लिटरला नऊ किलोमीटर जाणारी गाडी बारा जात होती. चढावर पहिल्या गिअरची गरजच उरली नव्हती.

फेऱ्याही आता दुपारच्या आत उरकतात. मग ताई नर्सरीत उभ्या राहतात, नवऱ्याने लावलेल्या कुंड्या इकडच्या तिकडे करतात आणि पाणी जास्त झालंय म्हणून सुनावतात. नवरा गिऱ्हाइकांना सांगतो की गाडी दुरुस्त झाली ती झाली, पण त्याची दुपारची झोप गेली. हे तो ताईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगतो.