पिवळी ती परकी

शेणव्याच्या भगीरथला सगळं एका नजरेत कळायचं. काळी माशी ती आपली सातेरी आणि पिवळी ती परदेशी पेटीतली, एवढंच त्याचं मधमाश्यांचं ज्ञान. मुलासाठी बायको बघतानाही त्याने रंग पाहिला आणि सावळ्या रविनाला नापसंत केलं. मुलगा अडून बसला, म्हणून ती सून झाली.

यंदा रविनाने परसात ठेवलेल्या पेटीत माश्या आपणहून आल्या. त्यांनी पोळी बांधली. तिने तळहाताच्या फोडासारखं त्यांना जपलं. एके दिवशी भगीरथची नजर पेटीवर गेली. माश्या पिवळसर होत्या. त्याने लगेच धुरासाठी गोवरी पेटवली.

"परदेशी हायेत. घालव त्यांना."

"मामा, जरा बसून बघा ना. पेटीच्या दारात वाऱ्यासाठी पंख मारतात त्यांची तोंडं बाहेर हायेत, परदेशी माशी तोंड आत करते. पोळ्यात नर माशीच्या घराच्या झाकणाला बारीक भोक हाय, ते सातेरीचंच. अंगानं बी लहान हायेत. रंग तर सातेरीचा बी बदलतो."

"मला नको शिकवू गो! रंग दिसतो मला."

"तेवढाच दिसतो तुमाला."

त्याने धूर केलाच. माश्या उठल्या आणि शेजारच्या सकुबाईच्या ऐनाच्या झाडाच्या ढोलीत शिरल्या.

थंडी सरताना सकुबाईने त्याच ढोलीतला वाटीभर मध आणून दिला. भगीरथने बोट चाटलं.

"अस्सल सातेरीचा! आपण चवीवरनं सांगतो."

माणूस सुधारला नव्हता, नुसता डोळ्यांवरून जिभेवर आला होता. रविना रिकामी पेटी पुसत होती.