चाळणीबाई आणि नकाशावरची रेघ

आरोग्य खात्यात ती पाण्यातल्या गोगलगायी गोळा करायची. सव्वीस वर्षं तेच काम. आम्ही तिला चाळणीबाई म्हणायचो. मांडीपर्यंत रबरी बूट, लांब दांड्याची चाळणी, एका जागी घड्याळ लावून अर्धा तास. एकोणतिसाव्या मिनिटाला तिने हात थांबवलेला मी पाहिला नाही.

मी वरच्या धरणाचे दरवाजे फिरवायचो. धरणावरच्या कामगार वसाहतीतल्या सात मुलांना लघवीतून रक्त जात होतं. त्यात माझी धाकटी. गोगलगाईतून पाण्यात सुटणारे किडे कातडीतून शिरतात, त्याचा हा आजार. पण खात्याच्या डॉक्टरांच्या नकाशावर उंचीची एक रेघ होती. तिच्या वर थंडी, थंडीत ती गोगलगाय जगत नाही, म्हणून शाळांना औषध फक्त रेघेखाली.

"खालच्या कालव्यात डुंबली असतील पोरं," डॉक्टर म्हणाले.

"साहेब, गोगलगायींना दाखवलाय का हा नकाशा?" बाई म्हणाली.

धरणाने धावतं पाणी अडवलं होतं. काठाला ते गुडघाभर, उन्हाने कोमट, गवताळ. तिथे तिला अकरा सापडल्या!

डॉक्टरांनी विचारलं, "सकाळी तुम्ही खालच्या कालव्यात होतात ना? मग तुमच्या चाळणीतूनच आल्या असतील."

चाळणी धुतली नव्हती. बाईचा चेहरा पडला. "चूक माझी, भाऊ," ती मला म्हणाली. "उद्या पुन्हा."

दुसऱ्या दिवशी कोरी चाळणी, माझे दोन नंबर मोठे बूट, आणि काठावर खुद्द डॉक्टर. तीन जागा, दीड तास, हाती शून्य. डॉक्टर गाडीकडे बघू लागले. चौथ्या जागी सव्विसावं मिनिट.

"आली! अहो, आली!"

चार मिनिटांत नऊ! चिमट्याने एकेक उचलून नऊ ग्लासांत सोडल्या. ग्लास माझ्या खोलीच्या खिडकीत, उन्हात; उजेड मिळाला की किडे गोगलगाईतून बाहेर पडतात. दोन तास कुणी बसलं नाही.

बाईने भिंग लावलं. सात ग्लास स्वच्छ. आठव्यापाशी ती थांबली. "साहेब, या!"

पाण्यात शेपटीवाले बारीक किडे वळवळत होते. डॉक्टरांनी भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं. मग माझ्याकडे वळले. "वसाहतीत मुलं किती?"

"एकशे बारा!" मी जवळजवळ ओरडलोच.

"सोमवारी सगळ्यांना गोळ्या." ते फोन करायला निघाले.

"थांबा की," बाई म्हणाली, "नववा ग्लास बघायचा राहिलाय."