सनरूफसाठी कापलेलं छप्पर

गाडी हैदराबादहून उदगीरला आली तेव्हा आमच्या गल्लीत टँकर लागला होता. घागरी, हंडे आणि प्लॅस्टिकचे ड्रम रस्ताभर पसरलेले. त्यातून गाडी पुढे काढता येईना, म्हणून ती गल्लीच्या तोंडाशीच उभी केली आणि तिथेच ती पाहण्याचा कार्यक्रम झाला. पाहायला आले होते माझ्या पुतणीच्या होणाऱ्या नवऱ्याचे मामा. लग्नाचे बोलणे सुरू झाल्यापासून त्या घराच्या वतीने तेच बोलत. गाडी घेतली होती माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे मुलीच्या बापाने. मी त्या वेळी नांदेडच्या एका दैनिकात उपसंपादक होतो आणि रजा काढून आलो होतो.

त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी येत होते. उदगीर जिल्हा होणार ही बातमी मधूनमधून उठे आणि विरून जाई. मीही ती अनेकदा छापायला सोडली होती, 'हालचालींना वेग' हे शीर्षक देऊन. मुलाचे घर या बातमीवर मोठे झाले होते. कलेक्टर कचेरी जिथे येईल असे लोक म्हणत, त्या रस्त्याला त्यांची जमीन होती. कचेरीचा पत्ता नव्हता, पण तिच्यासमोरचे प्लॉट विकून झाले होते. शिवाय त्यांचे टँकर होते. पाऊस पडला नाही तरी चालणारे घर आहे, असे भावाने मला फोनवर सांगितले. तो भांड्यांचा दुकानदार. दुष्काळात लग्ने पुढे ढकलली गेली की त्याचे दुकान बसते, त्यामुळे त्याने स्थळाकडे त्या नजरेने पाहिले.

त्यांनी हुंडा मागितला नाही. "आमच्यात घेत न्हाईत," असे मामांनी बैठकीत सगळ्यांसमोर सांगितले. फक्त मुलाची हौस होती. त्याने मोबाइलवर एक परदेशी गाडी पाहिली होती. छोटी, दोन दारांची, अतिशय वेगवान. तिच्या पाठीमागे एक ठरावीक अक्षर लावलेले असते, ते त्याला हवे होते. नवीन इथे मिळत नाही, हे त्याला माहीत होते.

"जुनी चालंल," मामा म्हणाले, "पण टॉप मॉडेल पायजे. दारात बेस मॉडेल आलं तर लोक नावं ठेवतेत."

बैठकीत कुणीतरी म्हणाले, "तालुका म्हंजे बेस मॉडेल अन् जिल्हा म्हंजे टॉप. मामा आत्तापासूनच जिल्ह्यात राहायलेत!"

सगळे हसले. माझा भाऊही हसला. मुलगी आत चहा गाळत होती. ती औषधशास्त्र शिकलेली, नांदेडला आमच्याकडे राहून एका कॉलेजात शिकवत होती. बापाला एकदाचे मोकळे वाटावे म्हणून तिने या स्थळाला होकार दिला होता. तिने तो दिला तेव्हा तिचा आवाज कसा होता, हे मी ऐकले होते.

भावाने बायपासवरचा प्लॉट विकला आणि हैदराबाद गाठले. जुन्या महागड्या गाड्यांसाठी आमच्याकडचे लोक तिकडेच जातात. तिथल्या विक्रेत्याने त्याला फसवले नाही, हे नोंदवले पाहिजे. "सबसे उप्पर का होना?" एवढेच त्याने विचारले. भावाने मान डोलावली. विक्रेत्याने त्याला खरोखरच सगळ्यात वरचे मॉडेल दिले.

अडचण तिथेच होती. आपल्याकडे टॉप मॉडेल म्हणजे ज्यात सगळे आहे ते. जास्त काचा, जास्त बटणे, जास्त मऊ गाद्या. वेगासाठी बनवलेल्या गाड्यांचा हिशेब उलटा असतो. वजन कमी करण्यासाठी कारखाना वस्तू काढून टाकतो आणि काढण्याचे वेगळे पैसे घेतो. या गाडीच्या पहिल्या मालकाने मागवतानाच तो पर्याय निवडला होता. सनरूफ नाही. मागची सीट नाही, तिच्या जागी लाल रंगाची एक आडवी लोखंडी दांडी. पुढच्या दोन सीटा कंबर आवळून धरणाऱ्या. ब्रेक मोठे, स्प्रिंगा कडक. पाठीमागचे ते अक्षर याच गाडीला मिळते. मुलाने अक्षर मागितले होते. अक्षर कशामुळे मिळते, हे त्याने पाहिले नव्हते.

मामांनी दार उघडून आत डोके घातले.

"मागचं शीट कुठंय?"

"कंपनीच देत नाही, मामा," भाऊ म्हणाला.

"सनरूफ?"

"या मॉडेलला येत नाही म्हणे."

"मग बेस हाय ही."

"नाही, नाही. टॉप आहे. सगळ्यात टॉप."

मामांनी डोके बाहेर काढले. "अप्पा, तुमी भांडी इकता. गिऱ्हाइकाला कुकर देता अन् सांगता का, टॉपचा हाय म्हणून शिट्टी न्हाई?"

मी मध्ये पडलो. कंपनीने गाडीची जी माहिती दिली आहे ती मोबाइलवर काढून वाचून दाखवली, मराठीत समजावली. मामांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"तुमी पेपरवाले," ते म्हणाले. "तुमच्या पेपरात तर जिल्हा कवाच झालाय."

टँकरच्या रांगेतल्या बायका हसल्या. एकीने गाडीत वाकून पाहिले आणि ती म्हणाली, "लई महाग म्हणं. दोन घागरी बी बसायच्या न्हाईत की हो हिच्यात."

सनरूफचा आग्रह परण्यासाठी होता. लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो, तो परण्या. पूर्वी घोडा असे. अलीकडे आमच्या भागात नवरदेव गाडीच्या छतातून अर्धा वर निघून उभा राहतो आणि मित्र खाली नाचतात. मुलाचा चुलतभाऊ तसा उभा राहिला होता. आता याला त्याच्यापेक्षा खाली राहता येत नव्हते.

"काई अवघड न्हाई," मामा म्हणाले. "लातूरला कापून देतेत."

मी भावाकडे पाहिले. ज्या गाडीची सगळी किंमत तिच्यात काय नाही यावर होती, तिचे छप्पर कापण्याची गोष्ट चालली होती. तो म्हणाला, "बरं, मामा."

नंतर घरात मी त्याला सांगितले, की कापल्यावर ती गाडी ती राहणार नाही. हैदराबादवाला परत घेणार नाही आणि दुसराही कुणी घेणार नाही. शिवाय त्यांचे मागणे छपराशी थांबणार नाही.

"तुला पोरगी न्हाई," भाऊ म्हणाला. तो विषय तिथे संपला.

ठरल्याप्रमाणे गाडी लातूरच्या एका शेडमध्ये गेली. काम झाल्याचा निरोप आल्यावर ती आणायला मी आणि पुतणी गेलो. पुतणीला मुलानेच बोलावले होते, फोटो काढायचे म्हणून. लातूरच्या रस्त्यावर लोक सायकलला दोन्ही बाजूंनी कॅन बांधून चाललेले. शेडच्या दारात मुलाच्या घरचा टँकर उभा होता. कापताना उडालेला लोखंडाचा कीस गाडीवर बसला होता आणि तो धुवायचा होता. एक माणूस नळी धरून छतावर पाणी सोडत होता. पाणी नितळ होते. ते बॉनेटवरून उतरून दारातल्या मातीत चालले होते. रस्त्यावरचे दोघे-तिघे कॅन घेऊन थांबले. एकाने विचारले, "भरू का?" नळीवाल्याने मुलाकडे पाहिले. मुलगा म्हणाला, "आधी गाडी होऊ द्या."

छतात बसवलेली काच दुसऱ्याच कुठल्यातरी मोठ्या गाडीची होती. छोट्या छतावर ती थाळीसारखी दिसत होती. ती बसावी म्हणून आतली आडवी पट्टी कापली होती. कडेने काळा चिकट लगदा भरला होता आणि तो आत ओघळून सीटवर पडला होता. कापलेला पत्रा भिंतीला टेकवून ठेवलेला. त्याचा रंग अजून शाबूत होता. इतके किळसवाणे काम मी त्याआधी पाहिले नव्हते, आणि अपघातात चेपलेल्या गाड्यांच्या बातम्यांसाठी मी बऱ्याच गाड्या पाहिल्या होत्या.

मुलगा बूट न काढता ड्रायव्हरशेजारच्या सीटवर चढला आणि छतातून वर निघाला. छाती बाहेर आली. त्याने हात पसरले, मोबाइल खाली दिला आणि तो पुतणीला म्हणाला, "खालून काढ. अजून खालून. बसून काढ ना."

ती ओल्या मातीत उकिडवी बसली. तिने फोटो काढले.

"अक्षर दिसायला पायजे मागचं."

ती उठली, मागे गेली आणि पुन्हा बसली. तिथून काचेतून गाडीचा आतला भाग दिसत होता. ती काही वेळ तशीच बसून राहिली. मग तिने विचारले, "लग्न लागल्यावर वरात निघेल, तेव्हा मी कुठं बसायचं?"

मुलाने वरून खाली वाकून पाहिले. एक सीट चालवणाऱ्या मित्राची. दुसरीवर त्याचे बूट. मागे दांडी. त्याने हे पहिल्यांदाच पाहिले असावे. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, तुसडेपणाही नव्हता.

"तू मामीसोबत मागच्या गाडीत ये की," तो म्हणाला. "एसी हाय तिला."

तिने आणखी एक फोटो काढला आणि मोबाइल परत दिला.

परत येताना गाडी मी चालवत होतो. बसण्याआधी तिने सीटवरचे बुटांचे ठसे रुमालाने पुसले. लगद्याचा डाग निघाला नाही, म्हणून त्यावर रुमालच अंथरला. वेग वाढला की नव्या काचेतून शिट्टीसारखा आवाज येई. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जमीन भाजलेली होती. नळेगाव मागे पडल्यावर ती म्हणाली, "काका, मी हे लग्न करत नाही."

मी गाडीचा वेग कमी केला. तिला माझे मत नको होते.

घरी तिने बापासमोर तेच वाक्य तसेच सांगितले. भाऊ आधी बाहेर गेला, गाडीच्या छतावरून हात फिरवून आला आणि त्याने मला विचारले, "पत्रा परत बसंल का?" माझ्या सख्ख्या भावाचा मला इतका वीट कधी आला नव्हता. मग तो मुलीकडे वळला.

"बाई, एवढ्यावरून?"

"अप्पा, त्यांनी मागितलं तेवढंच होतं ना?" ती म्हणाली. "तेवढ्यात मला जागा नव्हती."

वहिनी दारात उभी होती. ती मुलीशेजारी येऊन उभी राहिली. भाऊ तिच्याकडे पाहत राहिला आणि बऱ्याच वेळाने खाली बसला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याआधी त्याने मामांना फोन लावला. मी शेजारी होतो. आवाज मोठा असल्यामुळे पलीकडचेही ऐकू येत होते. भावाने सोयरीक मोडत असल्याचे सांगितले. मामांनी शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी फक्त कारण विचारले.

"पोरीला गाडीत बसायला जागा न्हाई, मामा," भाऊ म्हणाला.

"अरे, एवढंच व्हय!" मामा मोकळेपणाने हसले. "मग शीट बसवून घेऊ की. ती दांडी कापायची अन् टाकायचं. लातूरलाच बसवून देतेत. फकस्त एकच बसंल, बारकं. तेवढं पोरीला इचारून घ्या."

"इचारलंय," भाऊ म्हणाला आणि फोन ठेवला.