भाऊजी, इथं दम घ्या

"स्वतः म्हणजे कोण?"

"आता काय सांगू बाई तुला! स्वतः म्हणजे मी. शेजारणीनं लिहिलं असतं तर 'शेजारीण' घातलं असतं."

रेकॉर्ड कंपनीच्या परवाना विभागातल्या मॅडमनी चष्मा वर सरकवला. टेबलावर काकूंचा जुना कागद होता. कोपऱ्यात शिसपेन्सिलीनं लिहिलेलं: 'वाटणी – स्वतः'. शेजारी कंपनीची सीडी. तिच्यावर छापलेलं: 'गीत: पारंपरिक. संयोजन: कंपनी.'

"आमच्या लोकांनी वाटणी म्हणजे वितरण धरलं," मॅडम म्हणाल्या. "आणि स्वतः म्हणजे आम्ही स्वतः."

"वाटणी ठाऊक नाही? तुमच्या लोकांना भाऊ नाहीत वाटतं."

वाटणी हा काकूंचाच शब्द. नवऱ्याच्या बँडमध्ये बारा माणसं, आणि बाराही जणांना चालच वाजवायची असायची. खालचा सूर धरून बस म्हटलं की तोंड फुगायचं. काकू तेव्हा शाळेत पेटी शिकवायच्या. एकदा वैतागून त्यांनी एक गाणं कागदावर उतरवलं आणि जमीन वाटावी तसं बाराजणांत वाटून टाकलं. चाल अर्धी ट्रम्पेटला, अर्धी क्लॅरिनेटला. ट्रॉम्बोनला खालचा काठ. ड्रमवाल्याला, म्हणजे नवऱ्याला, चौथ्या ओळीपर्यंत गप्प बसणं. "घरातही तेच आहे," तो म्हणाला. पण वाजवलं तसे रस्त्यावरचे लोक थांबले. तेव्हापासून वाटणीवाल्या काकू. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची खोली, दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकलेलं जुनं दार हे टेबल, आणि बोटांत धरवत नाहीत इतक्या झिजलेल्या पेन्सिली. तीस वर्षं झाली.

विहिरीवर पाणी ओढतानाचं एक जुनं गाणं होतं, ते काकूंनी असंच वाटलं होतं. एक वाद्यवृंदवाले साहेब येऊन ऐकून गेले, कागद 'बघून देतो' म्हणून घेऊन गेले. आठ दिवसांनी परतही दिले. वर्षभरानं या कंपनीची सीडी निघाली, तिच्यात तीच वाटणी. काकूंनी तेही सोडून दिलं असतं. पण मग बँडनं आपलं रेकॉर्डिंग काढलं आणि कंपनीचं पत्र आलं: हे संयोजन आमचं आहे, परवान्याशिवाय वाजवू नये.

क्लॅरिनेट वाजवणाऱ्या दिरानं पत्र मोठ्यानं वाचलं. "वहिनी, आपण चोर निघालो."

"तुम्ही कसले चोर, भाऊजी! जिना चढताना तुम्हाला धाप लागते."

म्हणून आज काकू एकट्याच आल्या होत्या.

"गाणं कुणाचंच नाही, काकू," मॅडम म्हणाल्या. "पण वाटणी ज्यानं केली त्याची, हे मला मान्य. ती तुम्ही केली कशावरून? कागदावर नाव नाही, तारीख नाही."

बारा माणसांना ठाऊक होतं, तेराव्याला सांगायची वेळच कधी आली नव्हती. हे असंच राहिलं तर स्वतःचं गाणं वाजवायला या टेबलाशी परवानगी मागत यायचं.

"लाव ती तुमची सीडी," त्या म्हणाल्या.

तिसरी ओळ संपली. दोन ठोके सगळं बंद. मग पुन्हा सुरू.

"हे काय आहे?"

मॅडमनी सीडीतली पुस्तिका उघडून वाचलं, "रित्या घागरीची शांतता."

"घागर कसली डोंबलाची! दिराला दमा आहे. तिथं श्वास घेतो तो. मूळ गाण्यात ही जागाच नाही. दोर ओढता ओढता बायका अशा थांबल्या तर घागर परत खाली जाईल की."

मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "हे तुमचं सांगणं झालं. कागद हवा."

"माझा नको. तुमचेच काढ."

मॅडमनी कपाटातून फाइल काढली. संगणकावर स्वच्छ उतरवलेले कागद, एकेका वाद्याचा एकेक. उतरवणारा माणूस भलताच इमानदार असावा, काकूंची एक रेघ त्यानं सोडली नव्हती. तिसऱ्या ओळीच्या शेवटी, कंसात, सुबक टाइपात छापलेलं होतं: 'भाऊजी, इथं दम घ्या.' मॅडमनी पान उलटलं. व्हायोलिनवरही तेच. बासरीवर तेच. ड्रमवरसुद्धा.

"कंपनीला भाऊजी आहेत का गं?" काकूंनी विचारलं.

मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. फाइल घेऊन आतल्या केबिनमध्ये गेल्या, तिथूनही कुणाच्या तरी हसण्याचा आवाज आला. बाहेर आल्या त्या फॉर्म घेऊनच. पत्र मागे घेणार, सीडीवर नाव बदलणार, आणि परवाना आता कंपनीनं काकूंकडून घ्यायचा.

"'वाटणी' असं छापता येईल?"

"फॉर्मात 'संयोजन' एवढंच आहे, काकू."

"असू दे. पण नाव पूर्ण घाल. नुसतं काकू नको."

खोलीवर परतल्या तर ट्रम्पेटवाला जिन्यात बसलेला. "काकू, नव्या गाण्यात मला चाल किती?"

"सरक आधी."

काकूंनी कोरा कागद टेबलाच्या दारावर पसरला. वर लिहिलं, 'वाटणी –', आणि पुढं स्वतःचं पूर्ण नाव. ते घसरत पार सुरांच्या पहिल्या रेघेवर आलं. खोडलं, बारीक अक्षरात पुन्हा लिहिलं.

"दोन ओळी तुझ्या," त्या म्हणाल्या. "मग गप्प."