दोन किसन, एक नंबर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगायला बसलो की सुरुवात कुठून करावी तेच उमगत नाही — आणि खरं सांगू, माझी चूक नेमकी कुठून सुरू झाली, हेही मला अजून नीट कळलेलं नाही.

मी केनवडचा. पायथन या संगणकाच्या भाषेत प्रोग्राम लिहून पोट भरतो. जावेद माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचं सोयाबीन काढायचं थ्रेशर आहे. हंगामात नंबरावरून त्याच्या दारात भांडणं व्हायची. म्हणून मी त्याला एक छोटा प्रोग्राम करून दिला — मोबाइलवर नाव, आडनाव, गाव टाका, बटण दाबा, तुमचा नंबर दिसेल. गावात माझी कॉलर ताठ झाली, हे कशाला लपवू?

आता थोडं पायथनचं सांगावं लागेल. त्यात काही खास मेथड, म्हणजे एकेका कामाच्या सूचना, असतात, नावाच्या दोन्ही अंगांना दोन-दोन रेघा असलेल्या. त्या आपण फक्त लिहून ठेवायच्या. वेळ आली की भाषा स्वतःच त्यांना बोलावते. त्यातली एक __eq__ — समोरच्या दोन वस्तू एकच मानायच्या की वेगळ्या, हे ठरवणारी. कोणी दोनदा बटण दाबलं तर दोन नंबर लागू नयेत म्हणून मी ती लिहिली: नाव, आडनाव, गाव जुळलं की माणूस तोच. आणि वडिलांचं नाव? ते मी विचारलंच नव्हतं. एक रकाना वाचवला.

आमच्याकडे आजोबा वारल्यावर जन्मलेल्या नातवाला त्यांचंच नाव ठेवतात. दोन भावांना त्याच सुमारास मुलगे झाले तर दोघांनाही. तसे आमच्या गावात दोन किसन आहेत, चुलत भाऊ — एक मळ्यातला, एक वेशीजवळचा. दोघांनाही मी लहानपणापासून ओळखतो. मग लिहिताना सुचलं कसं नाही?

मळ्यातल्याने आधी नंबर लावला, मग वेशीजवळच्याने. प्रोग्रामला वाटलं, हा तोच माणूस, पुन्हा बटण दाबतोय; त्याने वेशीजवळच्याला मळ्यातल्याचाच नंबर दाखवला. थ्रेशर मळ्यात जाऊन पुढच्या गावाला निघून गेलं. वेशीजवळच्या किसनच्या कापलेल्या सोयाबीनची गंजी तशीच पडून राहिली. परतीच्या पावसाचं पाणी ताडपत्रीखाली शिरलं आणि सोयाबीनला कोंब फुटले.

तो जावेदच्या दारात आला तेव्हा मी तिथेच होतो. त्याची ओरड कानावर आल्यावर, त्याआधीच घरी मी प्रोग्राम उघडून पाहिला होता. मला सगळं कळलं होतं — हे नीट लक्षात घ्या.

"म्या माह्या डोयानं नंबर पाह्यला," किसन म्हणाला.

जावेदने माझ्याकडे पाहिलं. "तूच सांग गा, याचं नाव आलतं काय?"

"नाई," मी म्हणालो. "याचं नावच नाई आलं."

प्रोग्रामच्या लेखी ते खरंही होतं — नाही का? यादीत किसन एकच होता. पण मी काय बोलतोय ते मला ठाऊक होतं. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? लोक दोन दिवस मला हसले असते, एवढंच. तेवढ्यासाठी? मी बराच काळ स्वतःला समजावलं की ते आपोआप तोंडातून गेलं, त्या मेथडसारखं, मी न बोलावता. पण ती मेथडही मीच लिहिली होती की.

किसनच्या बापाने चारचौघांत म्हटलं, "बटनच दाबलं नसंल यानं." लोक हसले. किसन घसा फुटेस्तोवर सांगत राहिला. काही दिवसांनी तो जावेदची माफी मागायला आला. "मलेच भास झाला असंल," म्हणाला. मी समोर बसून चहा पीत होतो. तो मी पूर्ण प्यालो.

पुढे मी गुपचूप वडिलांच्या नावाचा रकाना घातला. आता प्रोग्राम चुकत नाही.

पण किसन स्वतः बटण दाबत नाही. दर हंगामात तो मोबाइल घेऊन माझ्याकडे येतो, माझ्याकडून दाबून घेतो आणि स्क्रीन माझ्यापुढे धरतो. "लागला ना गा नंबर? तूच पाह्य. माह्या डोयाचा मले भरवसा नाई."

मी पाहतो. लागला, म्हणतो.