भरतीची बाटली

परवा सोसायटीत पाण्याचा नमुना न्यायला माणूस आला. बाटलीवर त्याने चिठ्ठी डकवली आणि माझं डोकंच फिरलं.

साठ-पासष्ट वर्षांपूर्वी कोलशेतच्या खाडीवर असाच एक साहेब आला होता. कारखान्याच्या सांडपाण्याने मासे मरतात, ही आमची तक्रार तपासायला. ऐन भरतीत त्याने बाटली बुडवली. मेलेल्या माशांची टोपली घेऊन उभी असलेली आई म्हणाली, "सायेब, ओहटीला या. आता हाय ते दर्याचं पानी. आमचं नाय."

"बाई, पाणी ते पाणी," तो हसला. शाळेत जाणारी मी आईच्या अडाणीपणाने लाजले.

पाणी निर्मळ असल्याचं पत्र आलं. निर्मळ! त्या बाटलीवर गाव होतं, तारीख होती, झोकदार सही होती. 'भरती' एवढी तीन अक्षरं लिहायलाच शाई संपली होती!